शेवंताक्का आणि उपाशीपोटीचं भूत

नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या दिवशी शेवंताक्कानं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "सकाळी काय खाऊन निघालासा?"

निपाणीहून पहाटेची बस धरून बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर असा धक्के खात मी गणेशगुडीच्या आरोग्य केंद्रावर पोचलो होतो. मला वाटलं, बाई चहापाण्याचं विचारते आहे. संकोचून म्हणालो, "काही नको, वाटेत पुरीभाजी झालीय." त्यावर तिनं पुरी कुठल्या हॉटेलातली, तेलाला वास होता का, भाजीत नुसता बटाटा होता की वाटाणाही, असं सगळं विचारून घेतलं. चहा काही दिला नाही. दुपारी माझं पोट बिघडलं तेव्हा औषध घेऊन आली आणि समाधानानं म्हणाली, "वाटाणाच. मला वाटलंच हुतं."

ती आमच्या केंद्राची नर्स. शेवंता मिराशी असं हजेरीपटावर नाव, पण ज्वायडा तालुक्याच्या त्या डोंगरपट्ट्यात तिला सगळे अक्काच म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. मी तिथला लॅब टेक्निशियन. हिवतापाच्या रक्ताच्या काचा तपासायच्या, लघवीत साखर आहे का बघायची, एवढंच माझं राज्य. ती मला 'लॅबमास्तर' म्हणायची.

अक्का ठेंगणी, काटक. पांढऱ्या पातळाचा काष्टा नसायचा, पण चालायची काष्टा घातल्यासारखी. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. माणूस समोर आलं की आधी त्याचा हात हातात घ्यायची, नखं दाबून बघायची, तळवा नाकाशी नेऊन चक्क हुंगायची. लोकांना सवय झाली होती. एखादा नवखा हात मागे घ्यायचा, तेव्हा म्हणायची, "वास घेतोय, खात न्हाई."

ती मूळची जुन्या सुप्याची. गाव धरणात गेलं आणि तिच्या घरच्यांना रामनगरला जागा मिळाली. त्या पाण्याकडे बघून डोळे पुसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. अक्काला एकदा मी भीत भीत विचारलं, "घराची आठवण येते का हो?" ती म्हणाली, "येतीय की. पर मला सारखं वाटतंय, आमच्या माजघरात आता कुठला मासा ऱ्हात असंल? मोठा का बारका?"

तिच्या या चौकसपणाचा काहींना त्रासही होई. एका घरी म्हातारा गेला होता. मयताला गेलेल्या अक्कानं तिरडी बांधून होईपर्यंत त्याच्या बायकोला काल संध्याकाळचं जेवण काय होतं, घाम कुठल्या बाजूला आला होता, असं विचारून विचारून रडवलं. म्हातारीच्या भावानं तिला अंगणाबाहेर काढलं. ती घाटी उतरताना मला म्हणाली, "चुकलं माझं. उद्या इचारायला पायजे हुतं." विचारायलाच नको होतं, असं तिच्या डोक्यात आलं नाही.

पण तोच चौकसपणा कधी कधी माझ्या मायक्रोस्कोपच्या पुढे जायचा. एकदा एक म्हातारबाबा बाटलीत लालभडक लघवी घेऊन आला. सोबत दोन मुलगे, दोघांचे चेहरे उतरलेले. मी तासभर भिंगाखाली रक्ताच्या पेशी शोधल्या. एकही नाही. तोवर बाहेर बाकावर अक्कानं त्याच्याकडून काढून घेतलं होतं की परवा तो बेळगावला जावयाकडे गेला होता आणि तिथं त्यानं जन्मात पहिल्यांदा बीट खाल्लं होतं. गोड लागलं म्हणून ताटभर. मुलगे हसत सुटले, म्हातारा मात्र रागावला. मरायची तयारी करून आला होता बिचारा.

रुक्माची गोष्ट यानंतरच्या वर्षातली.

कुळगीकडच्या रानात आत एक वाडी होती. रुक्मा तिथली सून, वय सव्वीस-सत्तावीस. नवरा लक्ष्मण भातशेती करायचा आणि उन्हाळ्यात जंगलखात्याच्या कामावर जायचा. या रुक्माला वर्ष-दीड वर्ष झटके येत होते. पहाटे उठायच्या वेळी ती भलतंच बोलायची, नवऱ्याला ओळखायची नाही, घामानं निथळायची, कधी हातपाय ताठ व्हायचे. एकदा तिनं चुलीपुढं तान्ह्या पोरीला हातातून टाकलं. पोरगी वाचली, पण त्या दिवसापासून सासूनं पोर तिच्याकडे देणं बंद केलं.

आमच्या केंद्रातले डॉक्टर भले होते, पण एकटे होते आणि दाराशी कायम रांग. त्यांनी फिट येते असं निदान करून गोळ्या सुरू केल्या. वाडीवर फेरी असली की अक्काच त्या नेऊन द्यायची. गोळ्यांनी रुक्मा दिवसभर झिंगलेली असायची, झटके काही थांबेनात. मग घरच्यांनी सोमा घाडीला गाठलं. घाडी म्हणजे देवाला कौल लावणारा, अंगातलं उतरवणारा. आणि नवल असं, की घाडीकडे नेलं की रुक्मा घटकाभरात ताळ्यावर यायची. तिलाच कळायचं नाही आपण इथं कशाला आलो. घाडीचा बोलबाला झाला, आमच्या गोळ्या उंबऱ्यात पडून राहिल्या.

दुसरी कुणी नर्स असती तर घाडीच्या नावानं बोटं मोडली असती. अक्का त्याच्याकडे जाऊन बसली. मी कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून मला हे बघायला मिळालं.

"सोमाप्पा," ती म्हणाली, "रागाऊ नका. तुमी करतासा तरी काय, मला समदं सांगा. पयल्यापास्नं."

सोमा घाडी सत्तरीचा, एका डोळ्यानं अधू. त्याला वाटलं थट्टा करते आहे. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मग त्यानं सांगितलं : नारळ, तांदूळ, अंगारा, मंत्र आणि शेवटी तीर्थ.

"तीर्थात काय?"

"पानी. गूळ. तुळशीचं पान."

"गूळ किती?"

"हे एवढा." त्यानं मूठ दाखवली.

"आनि ती भानावर येतीय ते मंत्राच्या आधी का तीर्थाच्या मागनं?"

घाडीनं दाखवत धरलेली मूठ हळूच उघडली. मग म्हणाला, "मागनं. व्हय, मागनंच. घोट गेला की थोड्या येळानं डोळं उघडतीय." आणि जरा थांबून, "मग माझ्या मंत्रापक्षा गूळ मोठा म्हनतीस तू?"

"मी काय बी म्हनत न्हाई, अप्पा. मला ठावं न्हाई म्हनून इचारतो."

तिकडच्या बायका अशाच बोलतात, 'मी येतो, मी जातो'.

त्यानंतर अक्का रुक्माच्या सासूपुढं बसली. झटका कुठल्या वारी आला, आदल्या रात्री काय जेवली होती, किती वाजता जेवली होती. सासूला वार आठवत नव्हते, पण एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगत होती : मंगळवारी पहाटे हमखास. सोमवारी रुक्मा उपास करायची. भूत उतरावं म्हणून सासूनंच तिला तो धरायला लावला होता. आणि बाकीच्या दिवशी पोरगी सारखी खात असते, चोरून खाते, डब्यातला गूळ संपवते, बघा कशी सुटलीय, अशी तिची तक्रार.

परतताना अक्का घाटीत मध्येच थांबली. "लॅबमास्तर, भूत उपाशीपोटीच येतंय. जेवल्यावर येत न्हाई. आसलं भूत आइकलासा कवा?"

मी म्हणालो, "साखर कमी होत असेल."

"मधुमेहाची सुई घेनाऱ्याची हुतीय कमी. हिला कोन सुई देतंय?"

तो प्रश्न मी डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी जुनं जाड पुस्तक काढलं, पानं चाळली आणि वाचता वाचता खुर्चीत सावरून बसले. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, इन्शुलिन तिथंच तयार होतं. क्वचित, फार क्वचित, तिच्यात एक बारीकशी गाठ होते आणि ती गाठ भूक नाही, वेळ नाही, सारखं इन्शुलिन सोडत राहते. मग रक्तातली साखर ढासळते आणि मेंदू उपाशी पडतो. "मी जन्मात एकही पेशंट बघितलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि झटक्याच्या वेळचं रक्त मिळाल्याशिवाय कुणी विश्वासही ठेवणार नाही."

झटक्याच्या वेळचं रक्त मिळवायचं म्हणजे झटका येऊ द्यायचा. अक्कानं ते काम घेतलं. लक्ष्मणला आणि सासूला समजावून ती त्यांच्या घरी मुक्कामाला गेली. साखर टिकवणारी पूड घातलेली काचेची कुपी मी बेळगावहून आणून ठेवली होती, ती घेऊन मीही गेलो. उजाडायच्या सुमाराला रुक्मा सारखी कूस बदलू लागली. ओठ हलायला लागले. ती कुणाला तरी "गाय सोड, गाय सोड" असं ओरडून सांगत होती. अंगावरची चोळी घामानं चिंब. सासू गुळाचं पाणी घेऊन पुढं आली. अक्कानं तिला हातानं थोपवलं. "एक मिनिट, मावशी. एकच."

लक्ष्मणनं बायकोचा हात घट्ट धरला. अक्कानं रक्त काढलं, कुपी माझ्याकडे दिली आणि तीच सुई न काढता ग्लुकोजची पिचकारी लावून सावकाश आत सोडू लागली. पिचकारी अर्धी रिकामी झाली असेल नसेल, रुक्माचा हात सैल पडला. तिनं डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि लाजून पदर सावरला.

"अक्का? तुमी कवा आलासा? च्या तरी घेतलासा काय?"

सासूच्या हातातलं गुळाचं पाणी तसंच राहिलं. अक्कानं सुई काढली आणि टोचल्या जागी अंगठा दाबून धरला.

ओल्या फडक्यात गुंडाळलेली कुपी घेऊन मी बेळगाव गाठलं. उपाशीपोटी माणसाची साखर सत्तर-ऐंशीच्या घरात असावी. रुक्माची अठ्ठावीस निघाली. तिथल्या तंत्रज्ञानं माझ्यावरच संशय घेतला, कुपी उन्हात ठेवलीस म्हणून. पुन्हा करायला लावली. पुन्हा अठ्ठावीस.

बेळगावच्या सर्जननी रुक्माला दाखल करून घेतलं आणि तपासण्या केल्या. आकडे सगळे गाठीकडे बोट दाखवत होते, पण सोनोग्राफीत गाठ काही दिसेना. सर्जननी लक्ष्मणला समोर बसवून सरळ सांगितलं, "पोट उघडून बोटांनी चाचपावं लागेल. सापडली तर काढीन. नाही सापडली तर तसंच शिवावं लागेल. आणि ही ग्रंथी फार नाजूक. दुखावली तर तिचा रस आतल्या आत सगळं जाळत जातो. जीवही जाऊ शकतो."

लक्ष्मण उठून बाहेर गेला. सासू म्हणाली, नको, गुळावर जगतीय ती जगू दे. शेवटी बोलली ती रुक्माच. "मी रोज सकाळी मरतो आनि गुळानं परत येतो. माझी पोर मला देत न्हाईत. कापा."

शस्त्रक्रियेला आठवडा होता. त्या रविवारी मी गणेशगुडीच्या बाजारात मटणाच्या दुकानापुढून जात होतो, तर अक्का आत फळीवर बसलेली. खाटकाला ती बकऱ्याचं जठर उचलून मागचं दाखवायला सांगत होती.

"हे? हे फिकट, जिभेगत लांब?" खाटीक म्हणाला. "हे कोन घेत न्हाई अक्का. कुत्र्यास्नी टाकतो मी."

"मला दे."

मग तिनं पिशवीतून तुरीचे चार दाणे काढले. खाटकाला म्हणाली, "मी डोळं मिटतो. तू ह्यातला एक दाना आत कुठंबी खुपस." ती डोळे मिटून, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ते मऊ, गुठळ्यागुठळ्यांचं मांस धरून इंच इंच पुढे सरकत होती. गिऱ्हाइकं ताटकळली होती, माशा घोंगावत होत्या. पहिल्यांदा तिला सापडला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला सापडला, चौथ्यांदा लगेच. तिनं डोळे उघडले, मी दिसलो. "बोटाला कळतंय, लॅबमास्तर," ती म्हणाली. "पर घाई केली की कळत न्हाई."

आम्ही सोबतच परतलो. केंद्राच्या फाटकाशी थांबून ती म्हणाली, "वरीसभर मी तिला त्या फिटच्या गोळ्या नेऊन दिल्या. हातानं. जगाला इचारत सुटलो काय खाल्लासा, काय खाल्लासा, आनि तिला एकदाबी इचारलो न्हाई. चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर हुतं न्हवं."

ती फाटक उघडून आत गेली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्जननी तिला थिएटरात कोपऱ्यात उभं राहू दिलं. मी बाहेरच्या लॅबमध्ये. दर थोड्या वेळानं आतून रक्ताचा नमुना यायचा, मी तिथल्या माणसांना हातभार लावत साखर मोजायचो आणि आकडा आत जायचा. आत काय झालं ते अक्कानं मला नंतर सांगितलं. सर्जन बोटांनी ग्रंथीच्या डोक्याकडून, म्हणजे जाड टोकाकडून, शेपटाकडे चाचपत गेले. काही नाही. परत आले. काही नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम बाजूची सिस्टर टिपत होती. मग त्यांनी ग्रंथीचं शेपूट हळूच मोकळं केलं, खाली हात सरकवला, आणि त्यांची बोटं थांबली. मागच्या बाजूला, चिंचोक्याएवढी, पिकल्या करवंदाच्या रंगाची गाठ. एवढ्याशा दाण्यानं एक बाई आपल्या पोरीपासून तुटली होती.

गाठ सुटून बशीत पडली तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. कोपऱ्यातून अक्काचा आवाज आला, "सायेब, दुसरी न्हाई न्हवं कुठं?"

थिएटरात सर्जनला कुणी असं विचारत नाही. सर्जन क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा हात आत घातला आणि सगळी ग्रंथी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत परत एकदा चाचपली. दुसरी नव्हती. पण त्यांनी चाचपली, हे अक्का पुढे कितीतरी वर्षं सांगायची. "मोठा मानूस," म्हणायची. बाहेर माझ्या हातात आलेल्या पुढच्या नमुन्यात साखर चढलेली होती. त्याच्या पुढच्यात आणखी.

नंतर सोपं गेलं नाही. पोटात ठेवलेल्या नळीतून ग्रंथीचा रस तीन आठवडे झिरपत राहिला, ताप येऊन गेला. अक्कानं रजा टाकली आणि वॉर्डात रुक्माच्या खाटेखाली चटई अंथरली. एक दिवस नळी कोरडी पडली.

रुक्मा घरी गेली त्याची हकीकत लक्ष्मणनं केंद्रावर येऊन सांगितली. पहिल्या दिवशी सासू सवयीनं गुळाचं पाणी घेऊन तिच्या अंथरुणापाशी गेली, तर अंथरूण रिकामं. घाबरून ती ओरडली. लक्ष्मण मागच्या दारी धावला. रुक्मा चूल पेटवून बसली होती, पाणी तापत होतं. "आरडतासा कशाला?" ती सासूला म्हणाली. "पोर उठंल." सासू आत गेली, झोपलेली पोर उचलून आणली आणि मुकाट्यानं तिच्या मांडीवर ठेवली.

सोमा घाडीला अक्का मुद्दाम भेटून आली. गाठ केवढी होती ते तिनं कोळशानं त्याच्या ओट्यावर काढून दाखवलं. त्यानं ती अधू डोळा मिटून निरखली आणि विचारलं, "मग गूळ द्यायचा का न्हाई मी हितनं फुडं?"

"द्या की," अक्का म्हणाली. "आनि नंतर माझ्याकडं धाडून द्या." त्यानंतर त्याच्याकडची माणसं खरंच आमच्याकडे यायला लागली. अंगाऱ्याची बोटं कपाळावर घेऊन.

पुढे माझी बदली बेळगावला झाली, अक्का निवृत्त होऊन खानापूरला पुतण्याकडे राहायला गेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिला मोतीबिंदू झाला होता, पेपर वाचता येत नव्हता. मी गेलो की वाचून दाखवायचो. एकदा बातमी होती : परदेशात यंत्राच्या हातांनी शस्त्रक्रिया करू लागलेत, पोटाला बारीक भोकं पाडून. मी सहज वाचून पुढच्या बातमीकडे वळलो, तर तिनं माझा हात धरला.

"थांबा. डॉक्टर कुठं बसतोय?"

"त्याच खोलीत, जरा लांब. पडद्यावर बघून यंत्र चालवतो."

"यंत्राचा हात आत गेल्यावर बोटाला लागतंय तसं तेला लागतंय काय? मऊ का घट्ट?"

"बहुतेक नाही. डोळ्यानं बघूनच ओळखायचं."

ती आपला अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहिली. "रुक्माची तर मागं हुती, दिसली नसती. का तेची नजर आपल्यापक्षा बारीक हाय? मागं वळून बगतंय काय ते?" मी बातमी पुन्हा चाळली, तेवढं त्यात लिहिलेलं नव्हतं. "आनि गुंगीतनं उठल्यावर पेशंटला सांगत असतील काय, की तुला मानसाचा हात लागला न्हाई म्हनून?" तेही नव्हतं. "बगायला पायजे एकदा," ती म्हणाली. जसं काही ते यंत्र लोंढ्याच्या बाजारात येणार होतं.

त्याच वर्षी खानापूरला डोळ्यांचं शिबिर भरलं, तिचं नाव त्यात होतं. मी सोबत गेलो. शाळेच्या वर्गात थिएटर केलेलं, व्हरांड्यात म्हाताऱ्यांची रांग. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याच्यावर कपाळाला चिकटपट्टीचा तुकडा. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सगळे हळूहळू सरकत होते. अक्का मधोमध, हिरव्या झग्यात आणखीच ठेंगणी दिसत होती. तिच्या खांद्यावर मागच्या आजोबांचा हात, तिचा हात पुढच्या आजीच्या खांद्यावर.

दाराशी स्टुलावर उकळलेल्या हत्यारांचं ताट झाकून ठेवलं होतं. तिथं आल्यावर पुढची आजी आत गेली, अक्का मात्र थांबली. तिनं हात पाठीशी बांधले, म्हणजे चुकून लागायला नको, आणि ताटावरच्या फडक्याखालचं काही दिसेना म्हणून ती इतकी वाकली की तिचं नाक जवळजवळ ताटाला टेकलं. आतली सिस्टर म्हणत होती, "आजी, चला." अक्का तिला काहीतरी विचारत होती, मला लांबून ऐकू आलं नाही. सिस्टरनं थोडं थांबून फडक्याची एक कड उचलली आणि बोटानं एकेक दाखवून तिला नावं सांगायला लागली.

मागची सगळी रांग खोळंबून उभी होती.